उलटणारे दुखणे आणि गांजाचा उतारा

ज्या वनस्पतीचे नाव काढताच पोलीस ठाण्याची आठवण व्हावी, त्या गांजाला गेल्या पंधरा-वीस वर्षांत पाश्चात्त्य देशांत नवी प्रतिष्ठा लाभली आहे. तिचे अर्क आता काचेच्या कुप्यांतून, डॉक्टरच्या चिठ्ठीवर विकले जातात. कॅनडाने २००१ साली वैद्यकीय वापरास आणि १७ ऑक्टोबर २०१८ पासून सर्वसाधारण वापरासही मुभा दिली. जर्मनीने २०१७ साली वैद्यकीय वापराची वाट मोकळी केली. ब्रिटनमध्ये १ नोव्हेंबर २०१८ पासून तज्ज्ञ डॉक्टर हे औषध लिहून देऊ लागले. कर्करोगाच्या उपचारातील मळमळ, मज्जासंस्थेच्या आजारातील स्नायूंचा ताठरपणा, जुनाट वेदना अशा दुखण्यांपासून या वापराचा आरंभ झाला. पण कोणत्याही नव्या मालाची गिऱ्हाइके जशी वाढवावी लागतात, तशी या औषधाच्या दुखण्यांची यादीही वाढत गेली आहे. नैराश्याचा आजार त्या यादीत येऊन बसला आहे. त्यातही एक दावा विशेष आग्रहाने मांडला जातो: समुपदेशनाने किंवा मनोपचाराने माणूस बरा झाला, की त्यानंतर ते दुखणे उलटू नये म्हणून गांजाच्या अर्काचा उपयोग होतो.

पुरोगामी मंडळींपैकी काहींना या दाव्याविषयी सहानुभूती वाटते, आणि ती समजण्यासारखी आहे. गांजाबंदीच्या नावाखाली गरीब, भटके आणि कृष्णवर्णीय यांच्यावर पोलिसांनी काय अन्याय केले, हे जगजाहीर आहे. ज्या वस्तूवर सत्तेचा एवढा रोष, तिच्यात काही तरी लोकहिताचे असणारच, असे मनात येते. परंतु एखादी वस्तू बाळगल्याबद्दल माणसाला तुरुंगात घालावे काय, हा एक प्रश्न आणि त्या वस्तूने अमुक रोग आटोक्यात राहतो काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर न्यायबुद्धीने द्यावयाचे असते, दुसऱ्याचे पुराव्याने. या दोहोंची गल्लत झाली की चळवळीचे कार्यकर्ते नकळत व्यापाऱ्यांचे प्रचारक बनतात.

आधी दुखण्याचे स्वरूप पाहिले पाहिजे. नैराश्याचा आजार म्हणजे चार दिवसांची उदासी नव्हे. झोप उडते, अन्नावरची वासना जाते, हात हलेनासे होतात, आणि जगण्यात काही अर्थ नाही हा विचार एखाद्या भाडेकरूप्रमाणे डोक्यात मुक्कामाला येतो. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ साली बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने बारा राज्यांत केले. (महाराष्ट्र त्या बारांत नव्हता, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.) प्रौढांपैकी सुमारे वीसांत एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा हा आजार होऊन गेल्याचे त्यात आढळले. निरनिराळ्या मानसिक आजारांनी ग्रासलेल्यांपैकी शेकडा ७० ते ९२ लोकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते.

या आजाराचा खरा क्रूरपणा त्याच्या परत येण्यात आहे. एकदा होऊन गेलेल्यांपैकी निम्म्या लोकांना तो पुन्हा गाठतो. दोनदा झालेल्यांत हे प्रमाण शेकडा ७० आणि तीनदा झालेल्यांत ९० च्या घरात जाते, असे मनोविकारशास्त्राची पाठ्यपुस्तके सांगतात. मराठीत अशा वेळी 'दुखणे उलटले' असे म्हणतात. विषमज्वर उलटतो तसाच हाही. फरक इतकाच, की विषमज्वर उलटला तर घरचे पुन्हा दवाखान्यात नेतात. नैराश्य उलटले तर 'एवढे औषधपाणी केले, आता हिचे नखरे' असा शेरा मिळतो. गिरणीतून किंवा शेतावरून घरी परतणाऱ्या बाईचे दुखणे पहिल्या खेपेस कोणाच्या तरी लक्षात येते. तिची सहा-आठ बैठकांची उपचारमाला पूर्ण होते, कागदावर 'सुधारणा' अशी नोंद होते आणि फाईल बंद केली जाते. त्यानंतर तिच्याकडे पाहणारे कोणी नसते. कर्ज, नवऱ्याचे पिणे, अर्धवट पगार हे सर्व मात्र जागच्या जागी असते. दुखणे उलटते ते याच निर्मनुष्य अवधीत, आणि गांजाच्या कुपीचा विक्रेताही याच अवधीत दार ठोठावतो.

या अवधीत काय उपयोगी पडते, याविषयी विज्ञान अगदीच मुके नाही. टोरांटो, बँगर आणि केंब्रिज येथे टीसडेल, सेगल आणि विल्यम्स यांनी १४५ बऱ्या झालेल्या रुग्णांवर घेतलेली चाचणी २००० साली प्रसिद्ध झाली. आठ आठवडे, आठवड्यातून एकदा गटाने बसून, मनात येणाऱ्या निराश विचारांकडे अलिप्तपणे पाहण्याचे शिक्षण या रुग्णांना देण्यात आले होते. ज्यांना हा आजार पूर्वी तीन किंवा अधिक वेळा झाला होता, त्यांच्यात वर्षभराहून थोड्या अधिक काळात दुखणे उलटण्याचे प्रमाण शेकडा ६६ वरून ३७ वर आले. ज्यांना दोनदाच झाला होता, त्यांना मात्र फायदा दिसला नाही, आणि हे संशोधकांनी दडवले नाही. पुढे २०१५ साली इंग्लंडमधील ४२४ रुग्णांची दोन वर्षे पाहणी झाली. सजगतेचे हे शिक्षण घेऊन गोळ्या हळूहळू कमी करणाऱ्यांत शेकडा ४४ जणांचे, तर गोळ्या चालू ठेवणाऱ्यांत ४७ जणांचे दुखणे उलटले; म्हणजे दोहोंत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

आपल्याकडील काही कार्यकर्त्यांना मनोविकारावरील गोळ्या म्हणजे निव्वळ औषधकंपन्यांचे कारस्थान वाटते. त्या कंपन्यांविषयी संशय बाळगण्यास पुष्कळ जागा आहे. परंतु आकडे आपल्या संशयाची पर्वा करीत नाहीत. ब्रिटनमधील साध्या दवाखान्यांतून निवडलेल्या ४७८ रुग्णांची एक चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. बरे वाटत असताना गोळ्या चालू ठेवणाऱ्यांत वर्षभरात शेकडा ३९ जणांचे दुखणे उलटले, गोळ्या बंद केलेल्यांत ५६ जणांचे. औषधाचा उपयोग आहे, आणि औषध घेऊनही शंभरांत एकोणचाळीसांना ते पुरत नाही, या दोन्ही गोष्टी एकाच तक्त्यात लिहिलेल्या आहेत. फ्लुओक्सेटीनसारख्या गोळीचे एकाधिकार केव्हाच संपले असून ती स्वस्तात मिळते. प्रश्न तिच्या किमतीचा कमी आणि ती आरोग्य केंद्रात वर्षभर खंड न पडता मिळण्याचा अधिक आहे.

आता गांजाकडे वळू. या वनस्पतीत नैराश्यावर काही गुण असावा, ही कल्पना मुळातच वेडगळ आहे असे नव्हे. तिच्यातील मादक द्रव्य, ज्याला टीएचसी म्हणतात, ते राफाएल मेचोलाम व येखिएल गाओनी यांनी इस्राएलमध्ये १९६४ साली शुद्ध स्वरूपात वेगळे केले. मेंदू स्वतःच गांजासारखे कार्य करणारे एक द्रव्य निर्माण करतो, हे मेचोलाम यांच्याच प्रयोगशाळेत १९९२ साली उघडकीस आले, आणि त्याला संस्कृतातील 'आनंद' या शब्दावरून 'आनंदमाइड' असे नाव देण्यात आले. मनाच्या वृत्तीशी या यंत्रणेचा संबंध आहे, याचा पुरावा एका औषधाच्या अपघातातून मिळाला. लठ्ठपणा कमी करण्यासाठी ही यंत्रणा रोखणारे रिमोनाबांट नावाचे औषध २००६ साली युरोपात विक्रीस आले. ते घेणाऱ्यांत नैराश्य आणि आत्मघाताचे विचार वाढल्याचे दिसून आल्यामुळे २००८ साली ते बाजारातून काढून घ्यावे लागले.

येथून दावेदार एक उडी घेतात: रोखल्याने नैराश्य येते, तर चेतवल्याने जाईल. ही उडी तर्कशास्त्राला मान्य नाही. पाणी तोडल्याने पीक करपते, यावरून शेत तुडुंब भरून ठेवल्यास पीक दुप्पट येईल असे कोणी शेतकरी म्हणणार नाही. शिवाय ही यंत्रणा रोज बाहेरून चेतवली, की मेंदू आपल्याकडील ग्राहककेंद्रे कमी करतो आणि तोच परिणाम साधण्यास अधिक मात्रा लागते.

प्रत्यक्ष पुरावा काय सांगतो? मानसिक आजारांवर गांजातील द्रव्यांच्या उपयोगासंबंधीचे तोवरचे ८३ अभ्यास एकत्र करून ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१९ साली त्यांची छाननी केली. नैराश्य कमी होते असे म्हणण्यास आधार जवळजवळ नाही, हा त्यांचा निष्कर्ष. बहुतेक चाचण्यांत रुग्णांचा मूळ आजार वेदनेचा किंवा मज्जासंस्थेचा होता आणि नैराश्याची मोजणी केवळ जाता जाता झाली होती. मनोपचाराने बऱ्या झालेल्या माणसाचे दुखणे उलटू नये, हा तर त्याहूनही अरुंद प्रश्न. त्याचे उत्तर या ढिगाऱ्यातून निघणे शक्यच नव्हते.

बॉस्टनमधील एक चाचणी या बाबतीत अधिक बोलकी आहे. वेदना, निद्रानाश, चिंता किंवा नैराश्याच्या तक्रारी असलेल्या आणि वैद्यकीय गांजाचे परवानापत्र मिळवू पाहणाऱ्या १८६ लोकांचे तेथे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करण्यात आले. एका गटाला परवानापत्र ताबडतोब काढण्याची मुभा, दुसऱ्याला बारा आठवड्यांनी. २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ताबडतोब परवानापत्र मिळालेल्यांना झोप बरी लागल्यासारखे वाटले. परंतु वेदना, चिंता किंवा नैराश्य यांत सुधारणा झाली नाही, आणि गांजाच्या व्यसनाची लक्षणे दिसणाऱ्यांचे प्रमाण मात्र त्यांच्यात सुमारे दुप्पट निघाले. त्यातही ज्यांची मूळ तक्रार चिंतेची किंवा नैराश्याची होती, त्यांना हा धोका अधिक होता. कॅलिफोर्नियातील ३०७ नैराश्यग्रस्त रुग्णांच्या २०१७ सालच्या पाहणीतही गांजा ओढणाऱ्यांची सुधारणा इतरांपेक्षा कमी झाल्याचे दिसले होते. अशा पाहणीतून कारण कोणते आणि परिणाम कोणता हे ठरत नाही, हे खरे. अधिक खचलेला माणूसच अधिक ओढत असेल. पण 'अधिक ओढल्याने कमी खचतो' हा दावा तिच्यातून निघत नाही, हे तर निश्चित.

याखेरीज एक गोष्ट अशी आहे, की जिच्याकडे विक्रेत्यांचे लक्ष जात नाही, किंवा फार चांगले जाते. नियमित घेतलेला गांजा अचानक बंद केला, की पहिल्या आठवडाभरात चिडचिड, निद्रानाश, भूक मरणे आणि मन खिन्न होणे ही लक्षणे उद्भवतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या रोगवर्गीकरणाने २०१३ साली या अवस्थेला स्वतंत्र स्थान दिले. आता नैराश्यातून उठलेल्या माणसाचा विचार करा. दुखणे उलटण्याची जी लक्षणे त्याला भिववतात, नेमकी तीच लक्षणे कुपी संपल्यावर दिसू लागतात. तो काय समजणार? औषध थांबवले म्हणून आजार परत आला, असेच. तो पुन्हा दुकान गाठणार आणि दोन दिवसांत बरे वाटल्याने त्याची खात्री पटणार. वस्तूने निर्माण केलेली उणीव त्याच वस्तूने भरून काढणे, याला अर्थशास्त्रात बाजारपेठ म्हणतात. वैद्यकात त्याला उपचार म्हणता येत नाही.

मनोपचाराच्या अंगाने पाहिले तरी हीच अडचण दिसते. नैराश्यावरील यशस्वी उपचारांचा गाभा साधा आहे: माणसाने टाळलेल्या गोष्टींकडे हळूहळू परतावे. सकाळी उठावे, बाहेर पडावे, थांबलेले काम थोडेसे का होईना हाती घ्यावे, तुटलेला संवाद जोडावा. संध्याकाळी दोन थेंब घेऊन दुःखाची धार बोथट करणे, ही टाळण्याचीच दुसरी तऱ्हा ठरू शकते. कोवळ्या वयाच्या बाबतीत तर अधिक सावधगिरी हवी. अकरा अभ्यासांतील तेवीस हजारांहून अधिक व्यक्तींच्या माहितीचे एकत्रीकरण २०१९ साली झाले. किशोरवयात गांजा ओढणाऱ्यांना तरुणपणी नैराश्य येण्याचा संभव इतरांहून सुमारे सव्वा ते दीडपट, आणि आत्मघाताचे विचार येण्याचा संभव दीडपट, असे त्यात आढळले.

मग एवढा तोकडा पुरावा असताना एवढा मोठा गाजावाजा का? याचे उत्तर रुग्णालयात नाही, समभागांच्या बाजारात आहे. कोरोना बिअर अमेरिकेत विकणाऱ्या कॉन्स्टेलेशन ब्रँड्स या मद्यकंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये कॅनोपी ग्रोथ या कॅनडातील गांजा-कंपनीत सुमारे ४०० कोटी डॉलर ओतण्याचे जाहीर केले. मार्लबोरो सिगारेटवाल्या आल्ट्रियाने त्याच वर्षी डिसेंबरात क्रोनोस नावाच्या दुसऱ्या कंपनीत सुमारे १८० कोटी डॉलर गुंतवण्याचा करार केला. मद्य आणि तंबाखू यांच्या धन्यांना एकाएकी खचलेल्या मनांची कणव आली, असे मानण्याइतका भोळेपणा या पत्राच्या वाचकांत नसावा. पुढे अपेक्षित नफा आला नाही आणि समभाग कोसळले. पण लागवड, गोदामे व दुकाने यांत अडकलेल्या भांडवलाला गिऱ्हाईक शोधणे भागच असते.

केनेथ अॅरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ सालच्या आपल्या निबंधात दाखवून दिले होते, की वैद्यकीय सेवेचा बाजार भाजीपाल्याच्या बाजारासारखा चालूच शकत नाही. कारण रुग्णाला आपण काय विकत घेत आहोत हे कळण्याचे साधन नसते. उलटणाऱ्या दुखण्याच्या बाबतीत हे दुपटीने खरे आहे. जे घडले नाही ते कशामुळे घडले नाही, हे एकट्या रुग्णाला कधीच समजणार नाही. दुखणे उलटले नाही तर श्रेय कुपीचे, उलटले तर मात्रा कमी पडली. विक्रेत्याला दोन्ही बाजूंनी लाभ देणारा असा सौदा विरळा. याउलट सहा महिन्यांनी रुग्णाच्या घरी जाऊन 'झोप लागते ना?' असे विचारणाऱ्या माणसाच्या मागे कोणतेही भांडवल उभे राहत नाही. कारण तो प्रश्न कुपीत भरता येत नाही.

ब्रिटनचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेला मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने नोव्हेंबर २०१९ मध्ये वैद्यकीय गांजाविषयी जी सूचनावली काढली, तिच्यात मळमळ, वेदना, ताठरपणा आणि गंभीर अपस्मार एवढ्यांचाच विचार आहे. नैराश्य त्यात नाही. सार्वजनिक सेवेतून हे औषध अगदी थोड्यांना मिळते. मोठा व्यवहार चालतो तो खाजगी दवाखान्यांत, आणि तेथे चिंता व नैराश्य यांवरही चिठ्ठी मिळते. सार्वजनिक सेवेत समुपदेशनासाठी ताटकळणारा रुग्ण कंटाळून खाजगी दवाखान्याचे दार ठोठावतो. सार्वजनिक सेवेची रांग जितकी लांब, तितका खाजगी धंदा तेजीत, हा नियम भारतीय वाचकाला नव्याने शिकवण्याची गरज नाही.

भारतात हा व्यापार निराळ्या वाटेने आला आहे. १९८५ सालच्या गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाने गांजा व चरस यांवर बंदी घातली. परंतु बोंडांशिवायची नुसती पाने, म्हणजे भांग, त्या व्याख्येत येत नाही. आयुर्वेदात हीच वनस्पती 'विजया' म्हणून ओळखली जाते. औषधविषयक नियमांच्या परिशिष्टात ती विषारी द्रव्यांच्या यादीत असून वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावयाची आहे. या फटीतून विजयाच्या अर्काची तेले आज घरबसल्या मागवता येतात. निद्रानाश, चिंता, मनाचा ताण अशा तक्रारी सांगाव्यात, दूरध्वनीवर चार मिनिटांचा सल्ला घ्यावा आणि कुपी घरपोच मिळावी. तिची किंमत शेतमजुराच्या कित्येक दिवसांच्या मजुरीएवढी असते. तोच शेतमजूर चिलीम ओढताना सापडला, तर मात्र त्याला कायदा लागतो. किलोपर्यंतचा गांजा जवळ बाळगल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. एकाच झाडाचे पान मध्यमवर्गाला औषध आणि बोंड गरिबाला गुन्हा, अशी ही वाटणी आहे.

कैदेच्या या तरतुदीला समाजवाद्यांनी विरोध केलाच पाहिजे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या २०१९ सालच्या अहवालानुसार देशात सुमारे ३ कोटी १० लाख लोकांनी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतला होता. एवढ्या लोकांना गुन्हेगार ठरवून कोणाचेही भले होणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये गांजाला अतिघातक द्रव्यांच्या यादीतून २७ विरुद्ध २५ मतांनी वगळले, तेव्हा भारताने वगळण्याच्या बाजूने मत दिले. तेथे एक आणि देशातील न्यायालयांत दुसरे, हा दुटप्पीपणा थांबला पाहिजे. पण तुरुंगाचे दार उघडावे म्हणून औषधाचे खोटे प्रशस्तिपत्र देण्याचे कारण नाही.

या ठिकाणी एका जुन्या चौकशीची आठवण होते. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये प्रश्न उपस्थित झाल्यावर १८९३ साली हिंदुस्थान सरकारने गांजा-भांगेच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. मॅकवर्थ यंग अध्यक्ष होते. तीन हिंदी सभासदही होते. ११९३ साक्षीदार तपासून १८९४ साली आयोगाने अहवाल दिला. गांजाने माणसे वेडी होतात आणि वेड्यांची इस्पितळे त्यांनीच भरली आहेत, असा त्या काळी सार्वत्रिक समज होता, आणि इस्पितळांच्या नोंदवह्यांत तसे छापील पुरावेही होते. आयोगाने या नोंदी कोणी केल्या याचा माग काढला. तेव्हा असे निघाले, की वेडाच्या 'कारणा'चा रकाना पुष्कळदा पोलिसाने किंवा मॅजिस्ट्रेटच्या कचेरीने भरलेला असे. रकाना मोकळा ठेवता येत नव्हता, आणि बेवारशी माणसाविषयी 'गांजा' लिहिणे सर्वांत सोयीचे होते. १८९२ सालच्या नोंदींतील गांजामुळे झालेले म्हणून दाखवलेले २२२ रुग्ण पुन्हा तपासल्यावर जेमतेम ९८ उरले, आणि त्यांतीलही कित्येकांच्या बाबतीत इतर कारणे जोडीला होतीच.

आज रकाना भरणारा हात बदलला आहे. तेव्हा पोलीस अपायाचा रकाना भरीत होता, आता विक्रेता उपायाचा भरतो आहे. १८९४ च्या आयोगाने परक्या सरकारच्या चाकरीत असूनही जे केले, ते स्वतंत्र भारताच्या सरकारला करता येऊ नये काय? गांजातील द्रव्यांवर संशोधन करू नये, असे कोणी म्हणत नाही. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात ओ'शॉनेसी यांनी १८३९ साली धनुर्वात व आकडी यांवर याच वनस्पतीचे प्रयोग करून पाहिले होते. आणि तिच्यातील सीबीडी हे द्रव्य बालकांच्या दोन दुर्धर अपस्मारांवर रीतसर चाचण्यांतून उतरल्यावर २०१८ साली अमेरिकेत मान्य झाले. ज्या कंपनीने ते सिद्ध केले ती २०२१ साली सुमारे ७०० कोटी डॉलरना विकली गेली, हा भाग निराळा. नैराश्य उलटू नये म्हणून या द्रव्याचा उपयोग होतो की नाही, हे पाहावयाचे असेल, तर सरकारी पैशाने, सार्वजनिक रुग्णालयांत, दोन गट पाडून वर्ष-दोन वर्षांची चाचणी घ्यावी आणि निकाल कोणताही लागो, तो प्रसिद्ध करावा. तोवर विजयाच्या तेलाच्या जाहिरातींत नैराश्याचा उल्लेख करण्यास मनाई असावी.

यावर असा आक्षेप येईल, की चाचण्यांचे निकाल येईपर्यंत खचलेल्या माणसाने काय करावे? आक्षेप रास्त आहे. २०२२ या एका वर्षात देशात १,७०,९२४ आणि त्यांपैकी महाराष्ट्रात २२,७४६ लोकांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. परंतु त्याचे उत्तर शोधण्यासाठी कॅनडाला जावे लागत नाही. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४९५ नैराश्यग्रस्तांवर घेतलेल्या चाचणीचे निकाल २०१७ साली प्रसिद्ध झाले. समुपदेशन करणारे मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते. स्थानिक स्त्री-पुरुषांना थोडे शिक्षण देऊन तयार केले होते. त्यांनी प्रत्येक रुग्णाशी सहा ते आठ बैठकांत बोलून त्याला पुन्हा कामात आणि माणसांत आणले. तीन महिन्यांनी या गटातील शेकडा ६४ जण आजारातून बाहेर आले होते, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ३९. वर्षअखेरीसही हे अंतर ६३ विरुद्ध ४८ असे टिकून राहिले. उपचार संपल्यानंतरचा जो अवधी वर निर्मनुष्य म्हणून वर्णिला, त्याच अवधीत टिकलेला हा लाभ आहे.

विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत, याच धर्तीवर झालेल्या कामात नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत शेकडा ४.३ वरून २७.२ वर गेले. ही गावे कापसाच्या आणि कर्जाच्या पट्ट्यातील आहेत, हे वेगळे सांगावयास नको. येथे कोणी असे समजू नये, की गप्पा मारल्याने कर्ज फिटते. कर्ज फिटण्यासाठी हमीभाव लागतो आणि त्याची लढाई वेगळी आहे. मात्र ती लढण्यासाठीही माणूस अंथरुणातून उठावा लागतो.

हे काम फुकटात होईल, या भ्रमात मात्र शासनाला राहू देता कामा नये. अशी योजना निघाली की ती आशा सेविकांच्या माथी मारण्याची शासनाची रीत आहे. त्यांना मानधनवाढीसाठी महाराष्ट्रात जानेवारी २०२४ मध्ये संपावर जावे लागले होते. स्वतः अर्धपोटी असलेल्या बाईने शेजारणीचे नैराश्य हेरावे, ही अपेक्षा करणाऱ्यांनी आधी तिचे वेतन ठरवावे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने सरकारी खर्चाने उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीने सल्लाही मिळतो. हक्क आणि क्रमांक दोन्ही कागदावर आहेत. गावात पगारी समुपदेशक आहे काय, हे कागदावरून कळत नाही.

ते प्रत्यक्ष जाऊन पाहावे लागेल. प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात: नैराश्यावरील साधी गोळी गेल्या वर्षात किती महिने शिल्लक नव्हती, बोलण्यासाठी नेमलेले माणूस आहे की नाही, आणि ज्यांचे उपचार पूर्ण झाले त्यांची सहा महिन्यांनी विचारपूस करण्यासाठी नोंदवहीत एखादा रकाना आहे काय. तो नसेल, तर जिल्हा परिषदेच्या पुढच्या सभेपूर्वी तशी लेखी मागणी सभासदांच्या हाती द्यावी आणि तिची प्रत या साप्ताहिकाकडे पाठवावी.